हरकत कोणाचीच नव्हती

आमच्या चर्चमध्ये लग्नाआधी लागोपाठ तीन रविवारी वधूवरांची नावं वाचतात आणि पाळकसाहेब विचारतात, "कोणाची हरकत असेल तर आताच सांगावी." मागच्या वर्षी माझ्या मुलीचं नाव वाचलं गेलं, तेव्हा तिन्ही रविवारी कोणी हूं की चूं केलं नाही. मी रेल्वेत वायरमन म्हणून निवृत्त झालेला सरळ डोक्याचा माणूस. हरकत नाही म्हणजे होकार, असं धरून मी सगळ्या मंडळीच्या जेवणाचं सांगून मोकळा झालो.

मुलगा मेळघाटातला, कोरकू आदिवासी. त्याच्या घरात आजोबांपासून सगळे ख्रिस्ती. तो आणि माझी मुलगी अमरावतीला एकाच दवाखान्यात नर्सिंग करतात. मुलीचा हट्ट एकच होता. जिथं ती लहानाची मोठी झाली, जिथं संडे स्कूलमध्ये पोरांना शिकवलं, त्याच चर्चमध्ये आपल्या माणसांसमोर लग्न लागायला हवं.

लग्नाच्या आदल्या दुपारी महिला मंडळानं वधूच्या घरी येऊन गाणी म्हणत पुऱ्या लाटायच्या, हा आमचा रिवाज. बायकोनं परातभर कणीक भिजवून ठेवली. कोणी आलं नाही. तिनं फोन लावले तर एकीची सून बाळंत व्हायची होती, दुसरीला अकोल्याला जायचं निघालं. शेवटी मीच मंडळाच्या अध्यक्षबाईंकडं गेलो. त्यांनी चहा दिला, बिस्किटं पुढं केली.

"पोरगा चांगला हाये भाऊ, आमी काही म्हटलं का?" त्या म्हणाल्या. "पन ते लोक येगळे. उद्या माह्या नातीनं असाच आनला त मी काय करू?"

"आपल्या आजोबाईले गावच्या विहिरीवर पानी भरू देत नव्हते बाई. म्हनून ते या चर्चात आले. तुमचेही आन माहेही."

"ते मले नका सांगू. मले मालूम हाये."

खरंच मालूम होतं त्यांना. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण मालूम असलेल्या माणसाला समजावून सांगायचं तरी काय? बिस्किट खाऊन मी घरी आलो. पुऱ्या आम्ही दोघांनी आणि मुलीनं लाटल्या. गाणं कोणी म्हटलं नाही.

लग्नाला मुलाकडचे दोन टेम्पो भरून आले, ढोल-बासरी घेऊन, नवे कपडे घालून. त्यांची बाजू गच्च भरली. आमच्या बाजूला मी, बायको, माझी बहीण आणि मागं दवाखान्यातल्या दोन पोरी. पाळकसाहेबांनी लग्न नीट लावलं, त्यांना बोल लावता येणार नाही. मुलगी मात्र आत येताना एकदाच आमच्या बाजूला बघून मान खाली घालून चालत राहिली. बाप म्हणून मला त्या वेळी काहीही करता आलं नाही.

बाहेर आल्यावर व्याही माझ्याजवळ आले. म्हातारा माणूस, मराठी अडखळत बोलणारा. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि हळूच विचारलं, "तुमच्या मंडळीत कोणी वारलं का?"

माझी मान खाली गेली. त्यांनी तोच होकार धरला.

ते वळून आपल्या माणसांशी कोरकूत काहीतरी बोलले. ढोल परत टेम्पोत गेला. बायांनी डोक्यावर पदर घेतले आणि आवारातच उभं राहून सगळ्यांनी डोळे मिटले. आमच्यातल्या त्या मेलेल्या माणसासाठी म्हाताऱ्यानं लांबलचक प्रार्थना केली.

मुलगी त्यांच्यामध्ये उभी होती. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, आणि मग तिनंही डोळे मिटले.