नटवलेली लुबनित्सा

शेफ्किया बंधाऱ्यावरचा राखणदार. दारं वर-खाली करायची, अडकलेल्या फांद्या ओढून काढायच्या, एवढंच काम. पण ऐट अशी, की लुबनित्सा नदी जणू त्याच्याच मांडीवर वाढलेली लेक! त्याने पकडलेला मासा घरी पोचेपर्यंत दुप्पट वजनाचा व्हायचा, मग नदीचं तर विचारूच नका.

गावच्या डेअरीने बंधाऱ्यावर वीज तयार करायचं ठरवलं. टर्बाइन कोणतं, जनरेटर केवढा, हे ठरवायला सारायेवोहून इंजिनियरबाई येणार होत्या. यंत्र शेफ्कियाच्याच ताब्यात राहणार होतं, आणि ते त्याला पलीकडच्या गावच्या रेजोच्या यंत्रापेक्षा मोठं हवं होतं. मग कोणत्याही वधूपित्याने केलं असतं तेच त्याने केलं. नदी नटवली. दारं आवळून तलाव काठोकाठ भरला. वरच्या अंगाच्या पाणचक्कीवाल्यांना दम भरला, "पाहुणी येतेय, थेंब अडवलात तर याद राखा!" आणि वळणावर गाडी दिसताच दारं सोडली.

बाईंचं नाव अल्दिना. गुडघाभर पाण्यात उतरून तिने दांड्याला लावलेला, पाण्याचा वेग मोजायचा चिमुकला पंखा प्रवाहात धरला.

"काका, हे रोजचंच पाणी?"

"आज जरा कमीच आहे, पोरी. लाजतेय."

अडचण एकच. तलाव दुपारपर्यंतच पुरणार होता. त्याआधी पाहुणी निघायला हवी. आमच्याकडे पहिली कॉफी स्वागताची, दुसरी गप्पांची, आणि तिसरी आली की पाहुण्याने आपली चप्पल शोधायची. पहिली ओठाला लागते न लागते तोच शेफ्कियाने बायकोला भुवईने खुणावलं : तिसरी आण.

झुम्राने दुसरी आणली. वर बटाटा भरून भाजलेला गरम पिटा.

"अगं, त्यांना लांब जायचंय!"

"मग पोटभर खाऊन जाऊ देत. तुला कसली घाई? चुलीवर काय ठेवून आलायस?"

अल्दिनाने कागद पसरले. "पाणी भरपूर आहे. मोठं टर्बाइन बसेल. रेजोकाकांच्याहून मोठं."

शेफ्कियाची छाती मिशांना टेकली.

"फक्त एक आहे. पाणी आजच्या तिसऱ्या हिश्श्याखाली गेलं, तर ते मोठं यंत्र फिरणारच नाही. पण तुम्ही म्हणता, आजच कमी आहे."

"ऑगस्टात किती असतं, सांग ना रे," झुम्रा म्हणाली. "दूध तेव्हाच नासतं. टाक्या गार राहाव्यात म्हणून तर हा सगळा खटाटोप."

"असतं की... अंगापुरतं."

"गेल्या ऑगस्टात आपली कोंबडी चालत पलीकडे गेली. पोट कोरडं होतं तिचं."

"ती कोंबडी उंच होती!"

तेवढ्यात बाहेरचा आवाज बसला. सकाळपासून गर्जणारी लुबनित्सा खाकरली, मग कुजबुजायला लागली. अल्दिना खिडकीशी गेली. एकेक दगड डोकं वर काढत होता.

'बंधाऱ्याच्या दारात फांदी अडकली असेल,' हे वाक्य शेफ्कियाच्या जिभेवर तयार होतं. पण समोर झुम्रा उभी होती. दर ऑगस्टात आंबलेल्या दुधाच्या बादल्या तीच खड्ड्यात ओतायची, आणि ओतताना एक शब्द बोलायची नाही. झुम्रा आणि गप्प!

"पोरी," तो म्हणाला, "ते पाणी साठवलेलं होतं."

"सगळं?"

"कोंबडी खरी."

अल्दिना पोट धरून हसली. "मग मी ऑगस्टात येते."

"कधी ते कळव, म्हणजे तयारी—"

"अजिबात कळवणार नाही!"

आली ती सकाळी सकाळी, न सांगता. शेफ्किया बनियनवर दाढी करत होता, आणि नदीही बनियनवरच होती. त्याने शर्टाकडे हात नेला, बंधाऱ्याची दारं उघडायच्या चाकाकडे एकदा पाहिलं, आणि हात मागे घेतला.

"मोज," तो म्हणाला. "आम्ही दोघं असेच आहोत."

शेवटी एक मध्यम यंत्र ठरलं, आणि शेजारी एक चिमुकलं, थोडक्या पाण्यावरही फिरणारं.

पुढच्या ऑगस्टात रेजो बघायला आला. चिमुकलं गुणगुणत होतं, डेअरीत दूध गार होतं.

"हे एवढंसं?" रेजो हसला. "आमचं बघितलंस का केवढं आहे!"

"बघितलं. फिरतंय का?"

रेजो टोपी चाचपू लागला. शेफ्कियाने हलकेच भुवई उचलली. या वेळी झुम्राला ती बरोबर कळली. तिने रेजोपुढे पहिल्या झटक्यात तिसरी कॉफी ठेवली.