पहिल्या विस्तवाचा मान

जगदेवीला सोन्यानाण्याची हौस नव्हती. हौस एकच: साखर पेठेतल्या आपल्या दहा खोल्यांच्या चाळीत पहिली चूल आपली पेटावी आणि बाकीच्या बायकांनी गोवरीचा तुकडा घेऊन विस्तवाला आपल्या दारात यावं. चौऱ्याहत्तर साल, रॉकेलला रांगा, काडीसुद्धा जपून ओढायची. बारा वर्षं तो मान तिचा होता, कारण लालसाब सुताराकडच्या ढलप्यांची पाटी तिची होती. लालसाब मागाचे धोटे, म्हणजे आडवं सूत वाहून नेणाऱ्या लाकडी नावा, करायचा. त्याच्याकडच्या कोरड्या ढलप्या एका काडीत भडकत.

मग अक्कलकोटाकडची मल्लव्वा शेजारी राहायला आली. दोन महिन्यांत बायका तिच्या दारात, आणि जगदेवीच्या पाटीत नुसता भुसा!

"लालसाबवर काय जादू केलीस गं?" जगदेवीनं नळावर विचारलंच.

"जादू कसली अक्का? रोज सांजच्याला दुकान झाडते की. झाडंल त्याच्या ढलप्या."

"आमाला न्हाय बाई दुसऱ्याचं झाडायची सवय."

"मग धूर खायची करा की!"

सगळ्या खिदळल्या. जगदेवीनं अर्धीच भरलेली घागर उचलली आणि तरातरा घर गाठलं.

शुक्रवारी लालसाब नमाजाला गेलेला पाहून ती दुकानात शिरली. मागच्या सावलीत सारख्या मापाचे ठोकळे फटी ठेवून रचलेले. 'बघा, सटवीसाठी कसे निवडून ठेवलेत!' एवढं मनात आलं आणि पाटी भरली. विचारायचं कुणाला? मत्सर कधी विचारतो होय?

घरी कोयत्यानं फोडले. शनिवारी पहाटे चूल अशी पेटली की भिंत तांबडी झाली. सात बायका आल्या. मल्लव्वाही आली.

"लई झकास पेटलंय की, अक्का."

"पेटणारच. हात लागतो त्याला," जगदेवी म्हणाली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच तिला चहा गोड लागला.

नऊ वाजता लालसाब दारात. चुलीपुढचा अर्धा ठोकळा त्यानं उचलला, उलटापालटा केला.

"अक्का, हे धोट्याचं लाकूड. वर्षभर सावलीत वाळवलं होतं. ओलं लाकूड मागावर वाकतं, म्हणून."

"मला वाटलं, तिच्यासाठी..."

"तिला मी झाडलेलंच देतो." तो ओरडला नाही, तेच जास्त झोंबलं. "आता माझ्याकडं येऊ नका. ढलप्या मल्लव्वाकडनं मागून घ्या."

दोन दिवस जगदेवीनं दमट तुराट्या फुंकल्या. डोळे सुजले, चाळ खोकली. तिसऱ्या दिवशी नवऱ्याची पाळी सातची आणि तव्याखाली नुसता धूर. शेवटी गोवरी उचलून ती मल्लव्वाच्या दारात उभी राहिली.

मल्लव्वानं सगळ्यांत मोठा निखारा गोवरीवर ठेवला, वर ओंजळभर ढलप्याही दिल्या. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

जगदेवीनं आत नजर टाकली. झाडलेली जमीन, नीट रचलेलं जळण, कुठं नाव ठेवायला जागा नाही.

"चूल वाकडी मांडलीयस," ती म्हणाली, आणि निखारा विझायच्या आत घराकडं पळाली.