पिच्चर उतरलं

हे मी घरात बोललो नाही, मित्रांत बोललो नाही. देवापुढेही मोघमच ठेवलं. तुम्हाला सांगतो — तुमची-माझी रोजची गाठ नाही, म्हणूनही असेल.

लग्नाला वर्ष झालं नव्हतं. मी बडनेऱ्याला रेल्वेत कारकून, राहायला रेल्वेचीच चाळ. बायको शेंदूरजनाघाटची, संत्र्याच्या बागेत वाढलेली. सिनेमा तिनं कधी पाहिला नव्हता. त्या दिवाळीत अमरावतीला एक मोठं पिच्चर लागलं — राजकुमार, जादूगार, उडता घोडा. खेड्यांतून लोक बैलबंड्या जुंपून येत होते. तुला नेतो, असा शब्द मी तिला दिला. आणि आधी एकटाच जाऊन पाहून आलो. माझा स्वभावच तो, तपासल्याशिवाय सही करायची नाही.

काय सांगू! घोड्यानं जमीन सोडली तेव्हा मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते. श्वास घ्यायचं विसरलो होतो. आणि नेमकं तेव्हाच बायकांच्या बाजूनं कुणीतरी मोठ्यानं ओरडलं, "अवं माय, पडन ना तो!" सगळं थिएटर हसलं. माझ्या मागे आमचे हेडक्लार्क बसले होते, पुण्याकडचे. तेही हसले. ऑफिसात आमच्या "मले-तुले"ची नक्कल करून दाखवायची त्यांना हौस होती. मी त्यांच्यापुढे "मला" म्हणायला शिकलो होतो — घरी आलो की पुन्हा "मले". मग मी काय केलं? मीही हसलो. आणि हसता हसता ठरवून टाकलं, हिला इथं आणायचं नाही. ही अशीच ओरडेल.

थिएटरबाहेर त्याच पिच्चरचा खेळ विकायला होता. पुठ्ठ्याचा पट, फासा, चार सोंगट्या. तो घेतला. घरी आल्यावर म्हणालो, "पिच्चर उतरलं. पण हा त्याचाच खेळ आहे. सगळं यात आलं."

उतरलं नव्हतं. होळीपर्यंत चाललं. अर्धी चाळ पाहून आली. तिला कुणी सांगितलंच नसेल? — हा विचार मी करायचं टाळलं.

आणि सगळं कुठलं यायला? ती साधी सापशिडी होती. शंभर घरं, सापांच्या तोंडांच्या जागी जादूगाराची तोंडं. अख्खं थिएटर ज्यानं स्तब्ध केलं, तो घोडा म्हणजे आखूडशी शिडी — नऊवरून अकरावर. राजकन्या एका घरात. फासा चुकला तर ती न भेटताच डाव जिंकता येई. मला ते पहिल्या डावात दिसलं. तिलाही दिसलं.

"अवो, हा राजकुमार जादूगाराच्या तोंडात तीनदा जाते. काहून? त्याले अक्कल नाई का?"

"खेळ आहे तो."

"मंग राजकन्येले सोंगटी काहून नाई?"

दुसऱ्या दिवशी राजकन्येला सोंगटी आली — चिंचोका. आणि नवा नियम आला: घोड्याच्या घरात जो येईल त्यानं घोडा कुठं गेला ते सांगायचं, नाहीतर सोंगटी हलणार नाही. दुपारी चाळीतल्या बायका जमू लागल्या.

एकदा लवकर घरी आलो आणि दाराबाहेर थबकलो. आत ती सांगत होती.

"घोडा वर गेला तं खाली सारी कपाशी फुटलेली. पांढरंच पांढरं. त्याले वाटलं, ढग तं खालीच आहेत! मंग वर कोणतं न् खाली कोणतं? बावरला बिचारा. उलटा उडाले लागला. राजकुमार लोंबकळून राहिला —"

"पडला का वो?" कुणीतरी विचारलं.

"थांब व, मले तरी कुठं मालूम आहे!"

माझ्या अंगावर काटा आला. मी ते पिच्चर पाहिलं होतं आणि तिनं पाहिलं नव्हतं — पण उडणं कसं असतं हे मला त्या दारात कळलं. हिला मी लपवून ठेवणार होतो? आत जाऊन सांगायचं होतं. चल, उठ, संध्याकाळच्या खेळाला जाऊ. मी मोठ्यानं खाकरलो. बायका उठून गेल्या. मी चहा मागितला.

बऱ्याच वर्षांनी, अकोल्याला बदली झाल्यावर, तेच पिच्चर पुन्हा लागलं. तीच म्हणाली, चला. घोडा उडाला तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं. ती ओरडली नाही. पदर मुठीत धरून, पापणी न लववता पाहत होती. पडद्यावर घोडा जिला टांगला होता ती तार दिसत होती.

बाहेर आल्यावर म्हणाली, "आपल्या खेळातलं तं काईच नाई घेतलं यायनं." मी हसलो. ती हसली नाही. थोडं चालल्यावर म्हणाली, "एक इचारू? तवा खरंच उतरलं होतं का पिच्चर?"

आवाजात राग नव्हता. तिला फक्त ऐकायचं होतं.

मी म्हणालो, "हो."

"बरं," ती म्हणाली, आणि माझ्याबरोबर चालत राहिली.