पट्टा तुटला तर काय होतंय

मलेशियातल्या आमच्या पाडांग रेंगास गावात पुरुषांचे दोनच प्रकार : पाक उदाच्या गाडीतून लग्नाला गेलेले, आणि लग्न न झालेले. पाक उदा देरामन हा माझा चुलता. गावचा नवरदेव मुलीच्या दारी पोहोचवायचा तो त्याच्याच पांढऱ्या गाडीतून, हा रिवाज त्यानं स्वतःच पाडला आणि दुसऱ्या कुणाला मोडू दिला नाही.

गाडीत मूळचं असं पाक उदा सोडून फारसं काही उरलं नव्हतं. जुनं इंजिन थकलं तेव्हा त्यानं सगळे करतात तेच केलं. जपानहून अर्ध्या कापून आलेल्या गाड्यांच्या ढिगातून एक इंजिन निवडलं आणि फू क्वाईकडून बसवून घेतलं. फूचं बाजारात गॅरेज आहे. दोघं शाळेपासूनचे दोस्त, म्हणजे एकाही गोष्टीवर त्यांचं एकमत नाही.

टायमिंगचा पट्टा पुढे कधी बदलायचा, तो किलोमीटरचा आकडा लिहून एक चिठ्ठी इंजिनावर चिकटवलेली असते. पाक उदानं जुन्या इंजिनावरची ती चिठ्ठी अलगद सोलली आणि नव्यावर लावली. पोट दुसऱ्याचं, पत्रिका आपली.

फूनं हात कपाळाला लावला. "अरे, हे इंजिन जपानात किती पळून आलंय ते तुला ठाऊक नाही, मला ठाऊक नाही. पट्टा आत्ताच बदलू."

"मीटर काय म्हणतंय?"

"मीटर तुझ्या गाडीचं. इंजिन परक्याचं."

"सून घरात आली की घरातल्या घड्याळानंच चालते," पाक उदा म्हणाला. "आणि पट्टा तुटला तर काय होतंय? जुन्याचा दोनदा तुटला. ढकलली, नवा घातला, घरी आलो."

"जुन्यात पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची बिऱ्हाडं वेगळी होती. पट्टा तुटला तरी कुणी कुणाला शिवत नव्हतं. इथं दोघांत मिळून एकच न्हाणीघर आहे. पट्टा त्यांची पाळी लावून देतो. तो गेला की एक आत असतानाच दुसरा घुसणार."

"मग दार वाजवून जा म्हणावं."

विषय तिथेच संपला.

पुढे पाक उदाच्या स्वतःच्या मुलाचं, खुझैरीचं, लग्न ठरलं. मुलगी कामुंटिंगची, मधे बुकित बरापितचा घाट. बोलणी करायला मुलीचे वडील हाजी तरमिझी आले. त्यांनी अंगणातली गाडी बघितली, चहाचा घोट घेतला आणि फार प्रेमानं विचारलं, "व्याहीबुवा, घाट चढेल ना ही? नाहीतर आम्ही गाडी पाठवतो."

ओसरीवर सगळ्यांची तोंडं चावता चावता थांबली. ज्यानं अख्ख्या गावचे नवरदेव पोहोचवले, त्याच्या मुलाला मुलीकडची गाडी न्यायला येणार!

पाक उदानं पेला खाली ठेवला. "ही गाडी नवरा घेऊन तुमच्या दारात आली नाही, तर तुमच्या मांडवातली खरकटी ताटं मी घासेन."

मांडवात रांधणं, वाढणं, घासणं हे शेजाऱ्यापाजाऱ्यांचं काम. वरबापानं पाण्यात हात घालायचा तो जेवणाआधी, बोटं धुण्यापुरता. माक उदा, माझी चुलती, आतून एवढंच म्हणाली, "घरी एक बशी उचलली नाही कधी."

लग्नाच्या दिवशी डफवाल्यांची व्हॅन पुढे, मधे फिती लावलेली गाडी. पाक उदा चालवत होता, शेजारी जरीच्या कपड्यांत खुझैरी, मागे विड्यांचं तबक धरून मी. आमच्या मागे बाटिकचा नवा शर्ट घातलेला फू, त्याच्या पिकअपमध्ये. पाहुण्यानं दोर आणि हत्यारांची पेटी का आणावी, हे पाक उदानं विचारलं नाही.

घाटाच्या मधल्या वळणावर आतून कटकट झाली आणि इंजिन गप्प. धूर नाही, कुरकुर नाही. बोलता बोलता माणसानं वाक्य अर्धवट सोडावं तसं.

"आबाह, थांबलो का आपण?" खुझैरीनं विचारलं.

"घाट बघ जरा. एरवी झोपलेला असतोस."

पाक उदानं सेल्फ मारला. इंजिन भर्रकन फिरलं, दाण्यावाचून जातं फिरावं तसं हलकं, आणि पकडेना. तो उतरला, डिकीतून फडक्यात गुंडाळलेला कोरा पट्टा काढला. "एवढंच ना! डफवाल्यांना म्हणावं, वाजवत राहा."

फू येऊन उभा राहिला. "हा जुन्या इंजिनाचा पट्टा आहे."

"रबर आहे. ताणेल."

"देरामन, सेल्फ ऐकला मी. आत हवा दाबलीच जात नाही. व्हॉल्व्ह वाकलेत, त्यांची तोंडं मिटत नाहीत. आता सोन्याचा पट्टा घाल, हेड उतरवल्याशिवाय ही हलायची नाही. नवऱ्याला माझ्या गाडीत बसव."

पाक उदा परत स्टिअरिंगमागे जाऊन बसला आणि काच वर केली. तिकडे मांडवात भात निवत होता. डफवाले एकच ठेका पुन्हा पुन्हा वाजवून कंटाळले होते. शेवटी खुझैरी हळूच म्हणाला, "आबाह, माझं लग्न गाडीशी नाहीये."

बऱ्याच वेळानं काच खाली आली. "दोर आणलायस ना?"

"आणलाय."

"बांध."

असे आम्ही कामुंटिंगला पोहोचलो. पुढे डफ, मग फूची पिकअप, मग दोर, मग नवरदेव. लोकांनी मोबाइल काढले. हाजी तरमिझींनी दोर पाहिला, पिकअप पाहिली, आणि भल्या माणसासारखे म्हणाले, "आली की हो गाडी दारात! चला, पान मांडलंय."

"आली नाही," पाक उदा म्हणाला. "आणली."

वधूवर शेजारी बसले, सगळ्यांनी अक्षता टाकाव्यात तसे पिवळे तांदूळ टाकले. त्यानंही टाकले. मग मुख्य पंगतीतली आपली खुर्ची सोडून तो मांडवामागे गेला, कमरेचं जरीचं वस्त्र सोडून माझ्या हातात दिलं, बाह्या सारल्या आणि टबापाशी उकिडवा बसला. घासणारी पोरं चपापून उठली. हाजी धावत आले, "व्याहीबुवा, अहो लोक काय म्हणतील!" पाक उदानं त्यांच्याकडे साबण मागितला.

तेवढ्यात फू दात कोरत तिथं आला आणि शेजारी बसला.

"काय म्हणत होतास तेव्हा? दार वाजवून जा?"

पाक उदानं रेंडांगचा रस्सा माखलेल्या ताटांची चळत त्याच्यापुढे सरकवली.

"दोनदा जेवलायस. धू."