शिवानंदाचा राहिलेला नारळ

जळकोटच्या बंडप्पांना गावात आडनावानं कुणी ओळखत नाही. "नळाला पाणी सोडणारे बंडप्पा" म्हटलं की शेंबडं पोरगंसुद्धा घर दाखवतं. एकतीस वर्षं त्यांनी ग्रामपंचायतीच्या चाव्या फिरवल्या. कोणत्या गल्लीला पाणी कधी सुटणार हे त्यांच्या हातात, त्यामुळं बायकांच्या शिव्याही त्यांनाच आणि लग्नातला पहिला लाडूही त्यांनाच. पण पगाराच्या कामावरून माणूस कळतो असं थोडंच आहे? बंडप्पा कळायचे तर वेशीजवळच्या पायऱ्यांच्या विहिरीवर कळायचे. विहिरीवर जाळी बसेपर्यंत चाळीस उन्हाळे त्यांनी तिथं गावची पोरं पोहायला शिकवली, तीही फुकट.

शिकवायची त्यांची तऱ्हा ठरलेली होती. पोराच्या पाठीला पत्र्याचा रिकामा डबा, कमरेला दोर आणि पोटाखाली स्वतःचा तळहात. चार-सहा दिवसांनी डबा सुटायचा, मग दोर. राहायचा फक्त हात. "धरलंय रं, म्या धरलंय," असं म्हणत म्हणत बंडप्पा तो हात कधी काढून घ्यायचे, हे पोराला पलीकडच्या काठाला लागल्यावरच कळायचं. खोटं बोलायचे, पण त्या एका खोट्यावर सगळं गाव पोहत होतं. आणि ज्या दिवशी पोरगं असं मोकळं पार व्हायचं, त्या दिवशी त्याच्या आईनं विहिरीवर येऊन नारळ फोडायचा, ही गावची रीत. खोबऱ्याचा पहिला तुकडा पाण्याला, दुसरा बंडप्पांना.

सगळ्या गावाचे नारळ फुटले. राहिला तो एकच, खुद्द बंडप्पांच्या लेकाचा.

शिवानंद तेव्हा आठ वर्षांचा होता. त्याला पाण्याची भीती वाटायची. बरोबरीची पोरं सूर मारायची आणि हा पायरीवर बसून त्यांचे कपडे सांभाळायचा. त्याची आई शिवगंगा नारळ आणून बसली होती; आज शिकेल, उद्या शिकेल. बंडप्पांनाही घाई नव्हती. पण मे महिन्यातल्या एका दुपारी विहिरीवर मोठी माणसं जमली होती, त्यातलं कुणीतरी हसून म्हणालं, "दिव्याखाली अंधार म्हन्त्यात त्यो ह्योच!" सगळे खो खो हसले आणि बंडप्पांचं डोकं फिरलं. त्यांनी पोराला बखोटीला धरून उचललं आणि डबा नाही, दोर नाही, तसंच पाण्यात फेकलं.

दुसऱ्या श्वासाला त्यांनी स्वतः उडी मारून त्याला वर काढलं, हे खरं. दोन-तीन घोट पाणी पोटात गेलं होतं, बाकी काही झालं नव्हतं. शिवानंद रडला नाही. त्यानं पायरीवरचे आपले कपडे उचलले आणि ओल्या अंगानं घरी गेला. त्यानंतर तो विहिरीवर आला नाही तो नाहीच. आठवडाभरानं शिवगंगानं त्या नारळाची चटणी केली. शिवानंदानं तीही खाल्ली नाही.

पोरगं मोठं गुणी निघालं. तुळजापुरात आयटीआय केलं, एसी दुरुस्तीचं काम शिकलं आणि शारजाला गेलं. दर रविवारी त्याचा फोन यायचा. "अप्पा, तब्येत?" "बरी हाय." "आईला द्या." एवढंच बोलणं. भांडण म्हणावं तर तसं कधी झालं नाही. बाप चुकला हे बापाला ठाऊक होतं आणि लेकालाही ठाऊक होतं, पण बोलायचं कुणी? चौतीस वर्षांत बंडप्पांना ते जमलं नाही. दुसऱ्याच्या पोरांना जीव लावणारा माणूस घरच्या पोराशी दोन शब्द बोलायला भीत होता.

सून शुभांगीनं यंदा हट्टानं सासू-सासऱ्यांना शारजाला बोलावलं. म्हैस विणार होती म्हणून शिवगंगा काही हलली नाही. बंडप्पा एकटेच निघाले. निघताना तिनं पिशवीत शेंगाची चटणी भरली आणि बजावलं, "तितं पान्याचा इषय काढू नका."

बंडप्पांनी काढलाही नाही. विषय काढला तो आठ वर्षांच्या नातीनं. आरोहीच्या वर्गातली सगळी मुलं वॉटर पार्कला जाऊन आली होती आणि ती दोन वर्षं मागं लागली होती. शिवानंदाचं उत्तर ठरलेलं होतं, "आपल्याला न्हाय परवडत." यावेळी शुभांगीनं कुठून तरी शोधून काढलं की तासाभराच्या वाटेवर एक जुनं, साधंसं पार्क आहे. मधल्या वारी गेलं तर तिघांच्या कुटुंबाला एकच स्वस्त तिकीट, साठीपुढच्या माणसाला फुकट आणि वर घरचं जेवण आत न्यायला मुभा. तिनं मोबाइल नवऱ्यापुढं धरला.

"आता बोला! परवडतं का न्हाय?"

शिवानंदानं मोबाइल न बघताच परत केला. त्याचा उतरलेला चेहरा बंडप्पांनी पाहिला आणि त्यांना उमगलं. परवडत नाही ते पैशाचं नव्हतंच. बिचाऱ्यानं इतकी वर्षं काटकसरीच्या आड भीती झाकून ठेवली होती, आणि ती घालणारे तर आपणच.

बुधवारी सकाळी चौघं निघाले. शुभांगीनं पहाटे उठून धपाटी केली होती, सोबत दह्याचा डबा आणि ती शेंगाची चटणी. धोतर पाण्यात चालत नाही म्हणून बंडप्पांसाठी नायलॉनची चड्डी आणली होती, पोपटी रंगाची. ती घालून ते बाहेर आले तेव्हा आरोही हसून हसून खाली बसली.

"अज्जा, तू पोपट दिसतोस!"

"दिसू दे की. गावाकडं फोटू पाठवू नगंस म्हंजे झालं." फोटो तोवर शिवगंगाच्या मोबाइलवर पोहोचलेला होता.

आत पाणीच पाणी. निळ्या नळ्यांतून माणसं किंचाळत खाली येत होती आणि कुठं बादल्या उलथत होत्या. जन्मभर पाणी मोजून सोडलेला माणूस तो. आधी त्यांनी चावी कुठं असेल ते शोधलं. मग आरोहीनं हात ओढत त्यांना जिन्यावरून उंच घसरगुंडीकडं नेलं. वर उभ्या असलेल्या केरळच्या पोरानं त्यांच्या गळ्याकडं बोट दाखवलं. गळ्यात काही घालून घसरायला बंदी होती आणि बंडप्पांच्या गळ्यात दोऱ्यात बांधलेलं इष्टलिंग होतं. अय्यांच्या, म्हणजे लिंगायतांच्या जंगम गुरूंच्या हातून लहानपणी गळ्यात पडलेलं, आंघोळीला आणि झोपेतही न निघालेलं.

"ये नै निकलता, बाबा," बंडप्पा आपल्या हिंदीत म्हणाले. "जान के साथीच जाता."

पोरगा समंजस होता. त्यानं हात जोडले आणि खालचा उथळ तलाव दाखवला, तिथं चालेल म्हणाला. आरोही एकटीच घसरून गेली आणि आजोबा त्या चौतीस पायऱ्या की किती, उतरून परत खाली आले.

उथळ तलावाच्या काठावर शिवानंद बसला होता. पायात बूट, मांडीवर पिशव्या, शेजारी सगळ्यांचे कपडे नीट घडी करून ठेवलेले. शुभांगी लेकीच्या मागं गेली होती.

बंडप्पा तिथंच थबकले. तीच बैठक होती. कपडे सांभाळत पायरीवर बसलेलं पोर, फक्त आता त्याचे कानाजवळचे केस पांढरे झालेले. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या जागी ते कुणाला कळलंही नसतं.

तेवढ्यात आरोही धावत आली नि धपकन पाण्यात पडली. शाळेत शिकवल्यामुळं ती छान पोहायची. "बाबा, ये ना! सगळ्यांचे बाबा आलेत!"

"सामान कोन सांभाळंल, बाळा?"

ती हिरमुसली आणि आईकडं निघून गेली. शिवानंद पिशवीची चेन उगाच उघडझाक करत राहिला. बंडप्पा पाण्यात उतरले. पाणी जेमतेम कमरेला लागलं. ते चालत काठाशी आले आणि लेकाच्या पायांपाशी उभे राहिले. आता नाही तर पुन्हा कधी नाही, हे त्यांना कळत होतं. महिन्याभरात ते परत जाणार, आणि एकाहत्तराव्या वर्षी माणसानं पुढच्या खेपेचा भरवसा कशाला धरावा?

"शिवा," ते म्हणाले, "त्या दिवशी म्या चुकलो."

शिवानंदानं मान वर केली नाही. "कोनच्या दिवशी?" असंही त्यानं विचारलं नाही.

"लोकं हसली, त्याचा राग म्या लेकरावर काढला. तुझी काय बी चूक नव्हती. समद्या गावच्या पोरांना धरलं अन् तुलाच तेवढं सोडलं."

लाऊडस्पीकरवर अरबी गाणं चालू होतं. मग शिवानंद खाली वाकला आणि त्यानं बुटाची नाडी सोडली. एक बूट, दुसरा बूट. पिशव्या बाजूला ठेवल्या. काठ दोन्ही हातांनी धरून तो पाण्यात उतरला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. एसीच्या कामाला विसाव्या मजल्यावर बाहेरून लटकणारा माणूस, पण कमरेएवढ्या पाण्यात काठ सोडायला तयार नव्हता.

"अप्पा, तुमी समद्यांना 'धरलंय' म्हनत हात काढत होता," तो म्हणाला. "म्या पायरीवरनं बगायचो. मला समदं दिसायचं."

बंडप्पांनी आपल्या तळहाताकडं पाहिलं. म्हणजे पोराची भीती पाण्याची नव्हतीच म्हणायची. बाकीच्या पोरांना जे दिसत नव्हतं ते यानं रोज वरून पाहिलं होतं.

"तुझ्या बाबतीत न्हाय काढनार," ते म्हणाले. "तू सोड म्हनशील तवाच सोडीन. न्हाय म्हनलास तर न्हाय. सांजपतुर हुबा ऱ्हातो."

शिवानंद उताणा झाला. बेचाळीस वर्षांचा गडी, ऐंशी किलोचा. बंडप्पांनी एक तळहात मानेखाली दिला, दुसरा पाठीखाली. अंग लाकडासारखं ताठ होतं. "प्वाट सैल सोड. श्वास घे. हां." आजूबाजूला पोरं रबरी चाकांवरून जात होती, एका बाईनं वळून पाहिलं, पण बंडप्पांना कुणाची पर्वा नव्हती. हात अवघडला तरी त्यांनी बोटसुद्धा हलवलं नाही. जन्मात पहिल्यांदा ते धरलंय म्हणत होते आणि खरंच धरून होते.

हळूहळू पाठीचा ताठा गेला. तळहातावरचं वजन कमी होत गेलं. पाण्यानं पोराला उचललं होतं, हे बंडप्पांच्या हाताला केव्हाच कळलं होतं. पण त्यांनी हात काढला नाही. शब्द दिला होता.

शिवानंदाचे डोळे मिटलेले होते. "अप्पा," तो म्हणाला, "सोडा आता."

आणि काय गंमत बघा, त्या वेळी बंडप्पांनाच सोडवेना. पोटच्या पोराची पाठ चौतीस वर्षांनी हाताला लागली होती. त्यांनी एक हात काढला, थोडं थांबून दुसराही काढला, आणि दोन पावलं मागं सरले.

शिवानंद तरंगत राहिला. दहा आकडे मोजून होतील एवढा वेळ, मग नाकात पाणी गेलं नि तो ठसकत उभा राहिला. तिकडून आरोही ओरडत आली, "मम्मी, बाबा तरंगला! बाबा तरंगला!" शिवानंद खोकत होता आणि हसत होता, आणि बापाचा दंड त्यानं घट्ट धरून ठेवला होता.

जेवायला धपाटी सोडली तेव्हा चार वाजले होते. बंडप्पांनी घास बाजूला ठेवला आणि शुभांगीला गावाकडं फोन लावायला सांगितला. तिकडं शिवगंगा गोठ्यात होती.

"म्हैस इली का?"

"न्हाय अजून. का हो, आवाज असा का येतूय तुमचा?"

"घरात नारळ हाय का?"

"हाय की, सोमवारचा आनलाय. कशाला?"

"इहिरीवर जा अन् फोड. वर जाळी बशीवलीय तरी फटीतनं एक तुकडा खाली सोड."

"कोन पोहायला शिकलं? आरोही व्हय?"

"न्हाय," बंडप्पा म्हणाले. "आपला शिवानंद."

पलीकडं म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजली, मग तीही लांब गेली. फोन कटला की काय म्हणून बंडप्पा हॅलो, हॅलो करू लागले.

"हाय म्या," शिवगंगा म्हणाली. "चपला घालतीय."