आईचं गाऱ्हाणं

देवळाच्या शेवटच्या पायरीच्याही खाली, तापलेल्या चिऱ्यांवर माझी आई उभी होती. अनवाणी. डोक्यावर पदर. केसांत सुरंगीच्या फुलांचे दोन वळेसर माळलेले. वर मंडपात गावचे मानकरी उभे होते आणि त्यांच्या पुढे गाऱ्हाणं घालणारा म्हातारा. त्याचं तोंड देवाकडे होतं. आईकडे त्याची पाठ होती.

"बा देवा म्हाराजा," तो म्हणाला, "ह्या बायलेन तुझ्या राईत कोयतो घातल्यान. म्हणान तिच्या छातयेक कीड लागली. तिका माफी दी आनि गावाक सांभाळ रे म्हाराजा."

मंडपातले सगळे एका आवाजात म्हणाले, "होय म्हाराजा."

मग मागे वळूनही न बघता म्हातारा म्हणाला, "तिना पण म्हणूक व्हया."

आई म्हणाली, "होय म्हाराजा."

मी बापाचा हात धरून बाजूला उभी होते. शाळेत जाणारी पोर. मला तेव्हा एवढंच कळलं, की माझ्या आईच्या छातीबद्दल सगळ्या गावासमोर बोललं गेलं. आणि बापाच्या हाताला घाम आला होता.

आम्ही महार. पेडण्याच्या एका गावाच्या टोकाला आमचा वाडा. गोवा मुक्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण आमच्या वाड्यापर्यंत मुक्तीची फक्त शाळा पोचली होती. काम बांबूचं. सुपं, पाटल्या म्हणजे टोपल्या, भात वाळवायच्या दाली. चवथीत गौरीपुढे जे नवं सूप लागतं ते आमच्याच हातचं लागतं. आई ते घेऊन मोठ्या घरांच्या अंगणात जायची. सूप जमिनीवर ठेवायचं आणि मागे सरायचं. आतून कोणीतरी बाहेर यायचं, सुपावर पाणी शिंपडायचं. मग सूप आत. आम्ही अंगणात. सुपाचा विटाळ चार थेंबांनी जायचा. आमचा जाईल एवढं पाणी पेडण्यात नसावं.

राईत कोयता घातला हे खरं. पण का घातला? देवळाच्या जत्रेला नव्या पाटल्या हव्या होत्या. ह्याच मानकऱ्यांनी आईला सांगितलं होतं, देवाच्या राईच्या कडेचे बांबू घे. आईने घेतले, पाटल्या विणल्या. पाटल्या पाणी शिंपडून देवळात गेल्या, त्यांतून नारळ वाटले गेले, जत्रा पार पडली. त्यानंतर आईच्या छातीतली गाठ फुटली आणि सगळ्या गावाला एकदम तो कोयता आठवला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

जखमेला वास येऊ लागला तेव्हा आईने सुरंगी माळायला सुरुवात केली. सुरंगीचा वास दांडगा. एक वळेसर घातला तरी घर भरतं. आई दोन घालायची, तिसरा पदराखाली ठेवायची. लोकांना वाटायचं, मरायला टेकली तरी नटायची हौस जात नाही. मी रात्री तिच्या कुशीत झोपायची. सुरंगीच्या खालचा वास मला माहीत होता.

बापाने तिला इस्पितळात न्यायचं ठरवलं होतं. पण गाऱ्हाणं झालं. देवाने ऐकलं आहे, आता उतार पडेल, वाट बघूया, असं तो म्हणाला. बाप वाईट नव्हता. गाऱ्हाणं घातल्यावर लगेच डॉक्टरकडे जाणं म्हणजे देवावर अविश्वास, असं आमच्याकडे सगळेच मानायचे. वाट बघण्यात शिगमा गेला. आंबे उतरायच्या आधी आई गेली.

पुढची शाळा, कॉलेज, शिष्यवृत्त्या, वसतिगृहातली टोमणेबाजी, ते सगळं सांगत बसत नाही. त्याचं वेगळं रामायण होईल. मी शिकले आणि आईला जिने खाल्लं त्या गाठीच्याच मागे लागले. कॅन्सरच्या गाठींतली जनुकं वाचणं हे माझं काम.

काय करतो आम्ही? पेशीने कसं वागायचं, कधी वाढायचं, कधी थांबायचं, हे जनुकांत लिहिलेलं असतं. त्या लिहिण्यात एखादं अक्षर बदलतं, त्याला म्युटेशन म्हणतात. गाठीत असे बदल पुष्कळ सापडतात. बहुतेक नंतर झालेले असतात. म्हणून आम्ही त्याच बाईचं रक्तही तपासतो. बदल गाठीत आहे आणि रक्तात नाही, तर तो जगताना कधीतरी झाला. दोन्हीकडे आहे, तर ती तो घेऊनच जन्मली. आईकडून नाहीतर बापाकडून आलेला. तिच्या मुलांतही तो उतरू शकतो. ह्यात कुठे कोयता नाही. कुठे राई नाही. हे पहिल्यांदा शिकले त्या दिवशी मी वसतिगृहाच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

गाठींचे तुकडे मेणात बुजवून ठेवतात. लहान लहान वड्या असतात, कपाटात रांगेने. बाई जाते, वडी राहते. त्या खोलीत कसलाच वास नसतो, तसा तो येऊच दिलेला नसतो. तरी कपाट उघडलं की मला सुरंगीचा वास यायचा. अजून येतो. मी कोणाला सांगितलं नाही. वैज्ञानिक बाईने असलं काही सांगायचं नसतं.

आमच्या प्रकल्पाच्या प्रमुख मॅडम डिचोलीच्या, मोठ्या घरातल्या. आवाज मऊ. कधी ओरडल्या नाहीत. पेडणे आणि डिचोलीतल्या बायकांच्या स्तनाच्या गाठींवर काम चाललं होतं. त्या मला म्हणाल्या, तुमच्या वाड्यांवरच्या बायका आमच्यासमोर तोंड उघडत नाहीत, तुझ्यावर विश्वास ठेवतील, तूच जा. मला अभिमान वाटला. मी गेले. वाड्यावाड्यावर फिरून रक्त गोळा केलं.

लाटंबार्शात माझी मावशी होती, आईची सख्खी धाकटी बहीण. तिलाही तीच गाठ. तिचे उपचार चालले होते. तिच्या गाठीचा तुकडा आणि रक्त घेतलं. शेजारी तिची मुलगी शेवंती बसली होती, माझ्याहून लहान, धडधाकट, काजूच्या बागेत कामाला जाणारी. तुलनेसाठी तिचंही रक्त घेतलं. तिने दंड पुढे केला, नजर दुसरीकडे वळवली. मग चहा केला, सोबत उंडो पाव दिला आणि सहज विचारलं, "गे, ह्या रगताचो निकाल माका कळतलो मगे?"

"कळतलो," मी म्हटलं.

पुढे मावशी गेली. निकाल आला तो त्यानंतर. नावं काढून नळ्यांवर आकडे घातलेले असतात, पण त्या दोन नळ्या मी माझ्या हाताने भरल्या होत्या. मावशीच्या गाठीत बदल होता. रक्तात होता. शेवंतीच्या रक्तातही तोच. तीच जागा, तेच अक्षर. मी पडद्यासमोर बसून राहिले. माझा हात आपोआप माझ्या छातीकडे गेला.

मॅडमकडे गेले. त्यांच्या टेबलाशी आणखी चारपाच जण चहा घेत होते. मी सांगितलं, ही धडधाकट आहे, तिला दोन मुलं आहेत, आत्ता कळलं तर तपासण्या करता येतील, जीव वाचू शकतो. मॅडम म्हणाल्या, आपण संशोधन करतो, दवाखाना चालवत नाही. निकाल परत द्यायचे नाहीत असं ठरलेलं आहे. मी म्हटलं, संशोधनाच्या नीतिसमितीला विचारू, इस्पितळात तिची तपासणी नव्याने करून घेऊ, वाट आहे. त्यांनी कप खाली ठेवला आणि हसून म्हणाल्या,

"अगं, त्यांना जनुक म्हणजे काय सांगणार तू? उद्या देवळासमोर उभ्या राहून गाऱ्हाणं घालतील."

टेबलाभोवतीचे हसले. वाईट हसू नव्हतं ते, गमतीचं होतं. त्यामुळेच जास्त लागलं. माझी आई तापल्या चिऱ्यांवर कोणी उभी केली होती? ती आपणहून गेली होती का तिथे? आणि आता तिच्या त्या उभं राहण्यावर चहाबरोबर हसायचं.

मग मॅडमनी शोधनिबंधाचं शीर्षक वाचून दाखवलं. त्यात आमच्या जातीचं नाव होतं. वर त्यांनी मला विचारलं, तुमच्यात नात्यातच लग्नं होतात ना? मला अंगण दिसत होतं. रक्त आत आलं होतं, आकडे घालून, शुद्ध होऊन. शेवंती बाहेर होती. आमची जात शीर्षकात चालत होती. आमचं माणूस दारात चालत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी समितीकडे रीतसर अर्ज दिला. महिने गेले, उत्तर आलं नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा काही नाही. वाट बघा, म्हणाले. वाट बघणं म्हणजे काय ते मला आमच्या घरातून माहीत होतं. मी लाटंबार्शाची बस धरली.

शेवंती परसात काजूच्या बिया वाळवत होती. मी तिच्या बाजूला बसून सगळं सांगितलं. अवघड शब्द एकही वापरला नाही, गरजही पडली नाही. कीड नाही, शाप नाही, जन्मापासून अंगात असलेली एक चूक, तुझ्या आईत होती, माझ्या आईतही असणार, तुझ्यात आहे. गाठ येईलच असं नाही, पण भीती इतरांपेक्षा पुष्कळ जास्त. तिने बियांवरून हात काढला नाही. सगळं तिला कळलं. पहिला प्रश्न तिने पोरीबद्दल विचारला. तिच्यातही असेल किंवा नसेल, मोठी झाली की तपासता येईल, असं मी सांगितलं.

मग ती म्हणाली, "म्हणजे मावशेचो गुन्यांव नाय होतो?"

"नाय."

"मगे तिना होय कित्याक म्हटल्यान?"

मी इतकी शिकलेली. तिच्याबरोबर बिया पसरत बसले.

इस्पितळात तिची नव्याने तपासणी झाली. बदल पक्का ठरला. त्याच तपासणीत डाव्या बाजूला एक लहान गाठ सापडली. बाहेरून हाताला लागत नव्हती. ऑपरेशन झालं. पुढचं कोणी छातीठोक सांगत नाही, मीही सांगणार नाही.

बातमी मॅडमपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. सगळ्यांची बैठक बोलावली गेली. लांब टेबल, मॅडम मधोमध. आवाज तसाच मऊ. मी विश्वास मोडला, प्रकल्पाला धोक्यात घातलं, भावनेच्या भरात वाहवले, असं त्या म्हणाल्या. बोलताना त्या माझ्याकडे नाही, टेबलावरच्या इतरांकडे बघत होत्या. एकेक मान हलत गेली. काल मला एकटीला बाजूला घेऊन, बरं केलंस, म्हणणाऱ्यांच्याही माना हलल्या.

"चूक झाली एवढं सगळ्यांसमोर म्हण," मॅडम शेवटी म्हणाल्या. "विषय संपला. तुझं नाव निबंधात राहील."

खिडक्या बंद होत्या. बाहेर सिमेंटचं आवार, झाड नाही. आणि खोली सुरंगीने भरून गेली. माझ्या कानांत आईचे ते शब्द तयार होते. जिभेवर आले होते. दोनच शब्द, सगळ्यांना बरं वाटलं असतं. आईने ते का म्हटले हे मला तिथे, त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. समोर सगळं गाव उभं असतं. हात धरणाऱ्याच्याही हाताला घाम आलेला असतो. आणि बाईला मूल घेऊन त्याच गावात परत राहायचं असतं.

"नाही," मी म्हटलं. "माझी चूक झालेली नाही. झाली असं मी म्हणणार नाही."

माझं नाव निबंधातून गेलं. प्रयोगशाळेतलं माझं टेबलही गेलं. जातीचं नाव शीर्षकात राहणार होतं, त्यावर मी वर तक्रार केली आहे. ती मागे घेणार नाही. आता दुसरीकडे, लहान जागी काम करते. जिचं रक्त घेईन तिला निकाल सांगेन, ह्या अटीवरच तिथे पाय ठेवला.

मीही तपासणी करून घेतली. बदल माझ्यात आहे. म्हणजे आईतच होता. तिचं निर्दोषत्व माझ्या अंगातून निघालं, त्याला मी काय करू? शिगम्याच्या दिवसांत वाड्यावर गेले तर देवळाच्या खालच्या चिऱ्यांवर उभी राहते. चपला घालून. मंडपातले बघतात. बघू देत.

उद्या मला गाठ येईल, न येईल. पण माझ्या अंगावरून कोणाला गाऱ्हाणं घालायचं असेल, तर त्याने आधी मागे वळावं आणि माझ्या तोंडाकडे बघून बोलावं. देवळात असो, नाहीतर प्रयोगशाळेत. आणि उत्तरासाठी थांबावं.

होय मी म्हणणार नाही.