भाऊजींच्या बोटातली बाटली

माझ्या धाकट्या दिरांनी जन्मात एकही गोष्ट सरळ मार्गाने केली नाही. मद्रासला येऊन जवळच्या आवडी नावाच्या गावी कारखान्यात चिकटले, तर सुट्टीच्या दिवशी हॉटेलांतून गिटार वाजवत फिरायचे. आमचे हे गेले तरी भाऊजी माझ्याच घरी राहिले. लग्न केलं नाही. गिटार पलंगावर आणि भाऊजी खाली चटईवर, अशी झोपण्याची व्यवस्था. गिटारला वारा लागू नये म्हणून ऐन मे महिन्यात पंखा बंद. वाजवायला बसताना पायात बूट हवेतच, घरात असले तरी. ते वाजवतात त्याला ब्लूज म्हणतात. ते काय असतं, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, ‘‘वहिनी, रडायची लाज वाटणाऱ्यांचं गाणं.’’ मी म्हटलं, ‘‘मग सरळ रडून मोकळं व्हावं. सहा तारा कशाला लागतात?’’

हॉटेलातलं वाजवणं बंद होऊन वीसेक वर्षं झाली होती. गेल्या वर्षी मद्रासच्या दुसऱ्या टोकाला, शोळिंगनल्लूरला कंप्युटरवर काम करणारी चार पोरं त्यांना शोधत आली. त्यांचा म्होरक्या म्हणजे नाशिकची एक मुलगी. बँड काढायचा होता, आणि त्यात काका हवेत. बहात्तराव्या वर्षी भाऊजींनी केसांना कलप लावला. दर शनिवारी आमच्या घरात तालीम. पण अवघड जागा आली की भाऊजी म्हणायचे, ‘‘हे तुम्ही वाजवा, शिका.’’ पोरांना वाटायचं, केवढं मोठं मन. मी मात्र यांना शर्टाची बटणं लावता येत नाहीत हे रोज बघत होते. अड्यारच्या हॉलमधला कार्यक्रम महिन्यावर आला, तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, ‘‘यांची बोटं वळत नाहीत. तार दाबली जात नाही.’’

भाऊजी चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ताकभात तेवढा जेवायचे.

पाचव्या दिवशी ती मुलगी एकटीच आली. सांधेदुखीच्या गोळ्यांची काचेची बाटली तिने रिकामी केली, धुतली आणि भाऊजींच्या करंगळीत घातली. ‘‘काका, दाबायचं नाही. तारेवरून नुसती सरकवायची.’’

‘‘तो आळशांचा धंदा आहे,’’ भाऊजी म्हणाले.

‘‘मग आळशी व्हा,’’ मी म्हटलं.

पुढचा महिनाभर घरात मांजर कोंडल्यासारखा आवाज. शेजारच्या मामी दोनदा येऊन विचारून गेल्या. तारासुद्धा नव्या सुरात लावाव्या लागल्या. सगळं पहिल्यापासून शिकणं. मला वाटलं, हे काही स्टेजवर चढत नाहीत.

चढले. रविवारी दुपारी, इस्त्रीचा शर्ट घालून. एक संथ गाणं होतं. बाटली सरकत सरकत पुढे गेली, जरा जास्तच गेली, आणि मग सावकाश मागे आली. तोवर पोरांनी ताल धरून ठेवला. कुणी घाई केली नाही.

परतताना सेंट्रल स्टेशनहून लोकल गाडीत बसलो. भाऊजींचे हात मांडीवर नुसते पडले होते, सुजलेले.

‘‘वहिनी, कसं झालं?’’

‘‘एकदा चुकलात.’’

‘‘दोनदा.’’

दुसऱ्यांदा कुठे ते मला कळलंच नव्हतं. मी विचारलं. आमचं आवडी स्टेशन येईपर्यंत ते सांगत राहिले. मला त्यातलं फारसं समजलं नाही, पण मी मध्ये बोलले नाही.